वेलदोड्याचा चोर

सोलापूरच्या उन्हात वेलदोडा पिकवायचा म्हटल्यावर होटगीतले लोक तोंडावर हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी शेतात पॉलिहाऊस उभं केलं, फवाऱ्यांनी आत धुकं पाडलं आणि चाळीस रोपं लावली. रोजची देखभाल पगारावर ठेवलेल्या अक्कांकडे. शेतातल्या खोलीत त्या एकट्याच राहायच्या. दुसरं घर त्यांना नव्हतं. मी रविवारी विळा घेऊन छाटणीला यायचो.

तिसरं वर्ष लागलं. झुडपं डोक्यावर गेली, पण वेलदोडा एक नाही. आणि एका रविवारी अक्कांच्या चहाला वेलदोड्याचा वास आला!

"हा कुठला?"

"मंद्रूपच्या बाजारातला. तुमी येताय म्हणून घातला की."

माझी हयात परीक्षेत कॉप्या पकडण्यात गेलेली. इतकं सरळ उत्तर देणाऱ्या पोराची आम्ही हमखास झडती घ्यायचो. मी जाताना पॉलिहाऊसच्या दाराला बारीक दोरा बांधला. पुढच्या रविवारी तो तुटलेला. सापडला चोर! (झाडांची निगा राखायला त्याच दारातून आत जावं लागतं, हे मला फार उशिरा सुचलं.)

मी बुंध्याशी उकिडवा बसून नेहमीची छाटणी करत होतो. वर न बघताच म्हणालो, "अक्का, पुढच्या महिन्यापासून दुसरं माणूस बघावं म्हणतो."

"चोरी केली म्हणा की सरळ."

मी विळा चालवत राहिलो.

"जाते. पर आदी हिकडं या."

कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीमागं, जिथं माझा विळा पोचत नव्हता, एक झाड होतं. त्याच्या बुंध्यातून निघालेला तुरा जमिनीवर लोळत होता आणि त्याला हिरवे, टपोरे वेलदोडे लागलेले. वर पानांत नव्हे, खाली मातीत! माझ्या मुठीत तसलेच कोवळे तुरे होते. आताच कापलेले.

"पयल्याच वर्साला म्हनले हुते, अण्णा, ह्ये कापू नगा. तुमी म्हनला, केळीच्या बुडातली पिलं कापतोच की, तसंच हितं. न्हाय तर झाडाचा जोर जातो."

म्हणालो होतो. वर 'मी पुस्तक वाचलंय' असंही म्हणालो होतो. केळीचं.

मी विळा त्यांच्या हातात दिला.

"मग म्या जाऊ का ऱ्हाऊ?"

"राहा, अक्का. चुकलो मी. चहा टाका."

त्या खोलीकडं निघाल्या, दारात थांबल्या.

"साधा टाकू, का चोरीचा?"