तिवरांत अडकलेला नारळ

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारची भरती ओसरली, तेव्हा खाडीकाठच्या तिवरांच्या मुळांत मला एक नारळ अडकलेला दिसला. शेंडीला बांधलेला लाल धागा तसाच होता. शेजारच्या हिराबाईंनी आदल्या दिवशी समुद्राला वाहिलेला नारळ तो!

पूर्वी हाच समुद्र त्यांचा नारळ थेट अंगणात आणून टाकायचा आणि मागोमाग घरात गुडघाभर खारं पाणी. उधाण अडवणारी तिवरं सरपणासाठी तोडली ती आम्हीच, हे कबूल. पण समुद्र फुगला तो काही आमच्या चुलींमुळे नव्हे. धूर कुणी जास्त सोडला, आधी कुणी थांबवायचा, यावर मोठमोठे देश भांडतात आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरवून उठतात. बातम्यांत ते बघून हिराबाई एकदा फणकारल्या, "यांचं ठरेस्तोवर मी काय माळ्यावर बसू?" दुसऱ्याच दिवशी ओहोटीला वस्तीतल्या बायका घेऊन त्या चिखलात उतरल्या, तिवरांची रोपं लावायला. आज ती झाडं माझ्या डोक्यावर गेलीत. एवढं उधाण आलं, पण त्यांच्या मुळांशी येऊन थकलं.

मी हाक मारली. कोरडं ठणठणीत अंगण ओलांडून हिराबाई आल्या. मुळांतला नारळ सोडवला, पदर खोचला आणि सगळा जोर लावून तो दूर पाण्यात भिरकावला.

"घे!" त्या समुद्राला म्हणाल्या. "आणि परत करायचाच असेल, तर त्या बैठकीवाल्यांच्या अंगणात नेऊन टाक!"