भुरीनं भर दुपारी पान्हा सोडला

भुताखेतावर माझा कवाच इस्वास नव्हता. आमच्या कुंडलच्या वढ्याला बाई दिसती म्हनायची लोकं. मी तितनं रोज जायचो, मला एकबी दिसली न्हाई. मैतर म्हनायचे, "गड्या, तुजं थोबाड बघून तीच पळत असंल." असंल बाबा. आता हे सांगतोय मी, लिवत्यात शेजारचे मास्तर. खरंखोटं माझं, शुद्धलेखन त्यांचं.

दुष्काळ सरला, त्याच्या म्होरल्या सालची गोष्ट. आमच्या कारभारणीला रगताचा कॅन्सर निघाला. लय म्होरं गेल्याला. मिरजेच्या एका दवाखान्यात महिनं न् महिनं औषध चाललं. डोस्क्याचं केस गेलं, तोंडाची चव गेली. पर मी पैल्यापासनं म्हनत हुतो — ही जात न्हाई. माझ्यासंगं इतकी वर्सं टिकलीय, तिथं कॅन्सरचं काय घिऊन बसलाय!

ती रडली एकदाच. सलायनसाठी नर्सबाईनं हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या, तवा.

"आवं, तुमी जित्तं असताना माझं हात मोकळं..."

म्या म्हनलं, "आन हिकडं. तुज्या हातात नगंत तर माज्या हातात ऱ्हातील. चुडा घरातच ऱ्हायला म्हंजी झालं."

बोलून तर गेलो, पर माझं हात फावड्यागत. बांगड्या शिरंनात. मग सुतळीत ओवून मनगटाला बांधल्या. रडता रडता हसली बया.

शेवटचा डोस झाला. डॉक्टर म्हनले, "दुखणं हटलंय. पण रक्त अजून कच्चं आहे. गोठ्यात, जनावरांत अजिबात जायचं नाही. आणि ताप आला तर तशीच उचलून आणा, सकाळ उजाडायची वाट बघू नका." दवाखाना जवळ पडावा म्हनून तिला माधवनगरला माझ्या थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं ठिवली. माझं निम्मं आयुष्य यष्टीत, निम्मं कुंडलच्या गोठ्यात. कारन भुरी.

भुरी म्हंजी आमची म्हस. कारभारणीबिगर कुनाच्या हाताला पान्हा सोडायची न्हाई. मी बसलो की लाथ. चरवी तिकडं, मी शेणात. शेवटी कारभारणीचं लुगडं गुंडाळलं, डोक्यावर पदर घितला. मनगटाला बांगड्या हुत्याच. त्या वाजल्या आन् भुरी फसली की! गल्लीतल्या बायका भिंतीवरनं बघायच्या — "सून झ्याक हाय गं, नुस्ती मिशी तेवढी लांब."

असाच एक दिवस. भर दुपारी भुरी वरडाय लागली. धारंची येळ न्हवं, सकाळी काढली हुती. म्हनलं, बघू तरी. सवयीनं लुगडं गुंडाळलं, चरवी घिऊन गेलो. तर भुरी रस्त्याकडं तोंड करून उभी. डोळं अर्धं मिटल्यालं. आन् सडांतनं दुधाच्या धारा चालल्यात... आपसूक. रेडकू लांब बांधल्यालं. कासंला हात कुनाचा न्हाई.

हलक्या सडाची म्हस गळती, ठावं हाय मला. पर भुरी जड. तिची धार काढून बोटं ठणकायची. त्याच्या आदी न्हाई, नंतर न्हाई, ती कवा थेंबभर गळली न्हाई.

माझ्या डोस्क्यात एकच आलं. ही पान्हा सोडती ती कारभारणीला. मग आत्ता हितं आलंय कोन? आन् ती हितं आली असंल तर माधवनगरला काय उरलंय? चरवी टाकली आन् रस्त्याला पळालो. सांगलीकडं जानारा ट्रक थांबला. डायवर म्हनला, "बसा, मावशी." मग मिशी दिसली. त्यानं पार माधवनगरपातूर रस्त्यावरची नजर काढली न्हाई.

आक्का दारात. "आरं बापू, हे काय सोंग!"

"कारभारीन कुटं हाय?"

"निजलीय. उठवू नका म्हनली."

आत गेलो. अंग तव्यागत तापल्यालं. माझ्या बांगड्या वाजल्या तसं तिनं डोळं किलकिलं केलं. "आवं, जरा दमानं... धार चाललीय माझी."

गोधडीवर तिच्या मुठी बघितल्या. एक वर, एक खाली. एक वर, एक खाली.

आक्का मागनं बारीक आवाजात म्हनली, "दुपारधरनं असंच चाललंय रं. मला वाटलं, सपान पडलं असंल."

टांग्यात घालून दवाखाना गाठला. डॉक्टर म्हनले, "रात्र झाली असती तर हाती लागली नसती. तुम्हाला कळलं कसं?"

"म्हशीनं सांगितलं."

डॉक्टरांनी माझ्या लुगड्याकडं बघितलं आन् नर्सबाईला म्हनले, "यांचाही ताप बघा."

कारभारीन उठली. मी म्हनलो हुतोच! दिवाळीला घरी आली, पोरागत बारीक केस घिऊन. कासारणीनं नव्या बांगड्या भरल्या. पुढं डॉक्टरांनी गोठ्याची मोकळीक दिली, तशी चरवी घिऊन बसली. भुरीनं तिला हुंगलं, चाटलं... आन् धार काय दिईना! मान वळवून माझ्याकडंच बघाय लागली.

"घ्या," कारभारीन म्हनली, "आता तुमीच तिची मालकीन. नेसा लुगडं."

अजून नेसतो.

मास्तर म्हनत्यात योगायोग. असंल. मला कोडं सुटल्यालं न्हाई. कारभारणीला लयंदा इचारलं, त्या दुपारी काय झालं. ती म्हनती, "मला कायबी आठवत न्हाई. दवाखान्यात जाग आली तवा बोटं लय ठणकत हुती, एवढंच. भुरी जड हाय न्हवं."