‘जागाच हाय’

नववीनंतर माझे शिक्षण थांबले. परंतु वाशीमच्या न्यायालयासमोर अर्जनवीस म्हणून बसू लागल्यापासून माझ्या वाक्यात दोष काढण्याचे धाडस भल्याभल्या वकिलांनी केलेले नाही. माझ्या समग्र लेखनात एका खुलाशास मी सर्वश्रेष्ठ मानतो. त्याचा विषय झोप हा होता.

अनसिंगकडचा एक वयस्क चौकीदार नोटीस घेऊन आला. धान्याच्या खासगी गोदामावर दुपारच्या पहाऱ्यात तो ‘गाढ झोपेत आढळला व विचारले असता खोटे बोलला’, असे तीत म्हटले होते. खुलासा पटला नाही तर नोकरी जाणार होती.

“भाऊ, मले माफीनामाच लिहून द्या.”

“चाचा, झोपले होते का तुम्ही?”

“खुदा की कसम, जागाच होतो! डोये मिटले असतीन जरासे.”

“साहेबांनी हाका किती मारल्या?”

“एकच. तसाच उठलो, सलाम ठोकला, म्हनलं जागाच हाय. त्याईले लय राग आला.”

“मग माफी कायले मागता?” मी म्हणालो आणि लेखणी उचलली. वर्तमानपत्रांतील आरोग्याची पाने मी कधीही वाया जाऊ दिलेली नाहीत.

मी लिहिले : ‘निद्रा ही एकच अवस्था नसून तिला पायऱ्या आहेत. पहिलीत मान लवते, क्वचित खड्ड्यात पडल्यासारखा हिसका बसतो. दुसरीत श्वास व नाडी मंदावतात. तिसरी खरी गाढ. तीत माणूस हलवूनही सहसा उठत नाही, उठलाच तर भांबावलेला असतो. पुढे स्वप्नांची अवस्था येते आणि सुमारे दीड तासाने हे चक्र नव्याने सुरू होते. सबब, एका हाकेत उठून सलाम करणारा अर्जदार पहिल्याच पायरीवर होता. तेथून उठवलेल्या माणसास आपण झोपलो होतो हेच पुष्कळदा ठाऊक नसते. त्याचे उत्तर चुकीचे असेल, खोटे नव्हे.’

गोदामाच्या कचेरीत झालेल्या सुनावणीस मी जातीने हजर राहिलो. नोटीस काढणाऱ्या व्यवस्थापक साहेबांनी खुलासा दोनदा वाचला.

“म्हणजे झोपणाऱ्याला कळतच नाही, असं म्हणता?”

कोपऱ्यातले म्हातारे मुनीम हसले. “सायेब, काल जेवल्यावर मी तुमाले हाक मारली, तवा तुमी काय म्हनले होते?”

“मी विचार करत होतो!”

“चाचाबी तेच करून राह्यला होता.”

साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी नोटिशीतील ‘गाढ’ आणि ‘खोटे’ हे दोन्ही शब्द लाल शाईने खोडले, तोंडी समज दिली आणि दुपारी खुर्चीत बसण्याऐवजी फेऱ्या मारण्याचा हुकूम केला. नोकरी शाबूत राहिली.

बाहेर सोयाबीनचा ट्रक खोळंबला होता. चाचाने डोक्यावर टोपी बसवली, फाटक सताड उघडले आणि ड्रायव्हरला आत येण्यासाठी असा खणखणीत आवाज दिला, की अर्ध्या आवारातील हमालांनी वळून पाहिले.