न चढलेल्या चढाचा फेटा

जो चढला त्याची गोष्ट एका शब्दात संपते. "चढलो." पुढे विचारायला काही उरत नाही. अर्ध्यावर अडकलेल्या माणसाकडे मात्र सांगण्यासारखं भरपूर असतं. गडमुडशिंगी गावाच्या पुढे एक मुरमाड माळ आहे. रविवारी सकाळी आमची फोर बाय फोरवाली मंडळी तिथे जीपा घेऊन जमतात आणि दर रविवारी कोणी ना कोणी अडकतंच. मग किस्से साचत जातात, मडगार्डखाली चिखल साचतो तसे.

मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडी असतात, पण बोलत कोणीच नाही. त्याची कसर मी रविवारी प्रश्न विचारून भरून काढते.

*

आमचे म्होरके नाना. गुळाचे व्यापारी, आवाज मार्केट यार्डातला. त्यांनी ग्रुपला एक रीत घालून दिली आहे. चढ चढला त्याला काही नाही. ज्याला चढ जमला नाही, पण जो रिव्हर्समध्ये सरळ, नीट खाली आला, त्याला भगवा फेटा. तोही नाना स्वतःच्या हाताने बांधणार.

"न जमल्याचा सत्कार का?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"चढाय काय, कुणीबी चढतंय," नाना म्हणाले. "उतराय अक्कल लागती."

मग त्यांनी धडा दिला. इंजिन बंद पडून गाडी थांबली की ब्रेक घट्ट दाबायचा, हँडब्रेक ओढायचा. लो रेंजमध्ये, म्हणजे सगळ्यात सावकाश आणि जोरकस गियरमध्ये, रिव्हर्स टाकायचा, इंजिन चालू करायचं, क्लच पूर्ण सोडायचा आणि मगच ब्रेक हळूहळू सैल करायचे. स्टेअरिंग सरळ, नजर मागे. इंजिनच गाडीला धरून खाली आणतं. आणि काही झालं तरी चढावर गाडी आडवी वळवायची नाही.

आडवी का नाही? हाही प्रश्न माझाच. नानांनी एक फळी तिरकी धरली, तिच्यावर बिस्किटाचा पुडा कडेवर उभा केला. चढाच्या रेषेत ठेवला तेव्हा पुडा नुसता सरकला. आडवा ठेवला तेव्हा धाडकन कलंडला. बिस्किटं आम्ही चहाबरोबर खाल्ली.

*

प्रसाद पुण्याची नोकरी सोडून गावी परतलेला. त्याच्या जीपला दिवे, अडकलेली गाडी ओढणारी विंच, कॅमेरे, चढ किती तिरका आहे ते दाखवणारा स्क्रीन, सगळं आहे. एकदा चढावर त्याचं इंजिन बंद पडलं आणि शहरातल्या सवयीने त्याने क्लच दाबून धरला. चाकांवर इंजिनचा धाक राहिला नाही. गाडी मोकाट मागे निघाली आणि नशिबाने मुरमाच्या ढिगात जाऊन बसली.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आम्ही सगळ्यांनी पाहिलं. चित्र नुसतं हलत होतं, आवाज मात्र स्वच्छ होता. "आई अंबाबाई, आई अंबाबाई..."

नानांनी जीपभोवती एक फेरी मारली. "सगळं बसवलंस गड्या. क्लचवरचा पाय तेवढा काढायचा राहिला."

*

रणजितचा किस्सा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. रणजित कागलकडचा, उसाचा शेतकरी, घराण्यात कुस्ती. त्याची गाडी अर्ध्यावर अडली तेव्हा नाना खालून ओरडत होते, "सरळ, सरळ ये!" याने ऐकलं नाही. तोंड पुढे करून उतरायचं म्हणून चढावरच वळवली. वरच्या अंगाची दोन्ही चाकं उचलली गेली. आम्ही धावलो, ओढायचा पट्टा गाडीला अडकवून वरच्या झाडाला आवळला. तो वरच्या दारातून बाहेर आला.

मला राहवलं नाही. एवढं सांगूनही का वळवली?

"पाठ दावून खाली यायचं आमच्यात न्हाय," तो म्हणाला.

नाना त्याच्याकडे बघतच राहिले. "अरं, रिव्हर्सनं येताना तोंड चढाकडंच असतंय की! पाठ तर तू वळवून दावलीस."

त्या दिवशी रणजित चहालाही थांबला नाही.

*

त्याच्या या हट्टाचं कारण नंतर नानांकडून कळलं. रणजितच्या शेताकडे जायला एकच पाणंद आहे, एका गाडीपुरती. विहिरीच्या पाण्यावरून त्याचं आणि धाकट्या भावाचं, अभिजितचं, बिनसलेलं. एक दिवस दोघांच्या गाड्या पाणंदीत समोरासमोर आल्या. मागे कोण घेणार? कोणीच नाही. उसाची ट्रॉली मागे खोळंबली, गाव गोळा झाला. शेवटी गाड्या तिथेच नाकाला नाक लावून सोडून दोघे चालत घरी गेले.

आई जेवण घेऊन आली होती. तिने दोघांचा डबा रणजितच्या बॉनेटवर ठेवला आणि तीही निघून गेली. डबा तसाच राहिला. तेव्हापासून भाऊ बोलत नाहीत आणि म्हातारी एक दिवस याच्याकडे, एक दिवस त्याच्याकडे जेवते. दोघांना एका पंगतीत बघायचं एवढंच तिचं मागणं आहे.

*

पुढे बरेच दिवस रणजित नुसता येऊन बघत बसायचा. मग एका रविवारी त्याने मला शेजारी बसवलं आणि त्याच चढावर गाडी घातली. त्याच जागी इंजिन बंद पडलं.

ब्रेक. हँडब्रेक. रिव्हर्स. त्याने मान वळवून मागे पाहिलं आणि गाडी गुरगुरत, मुंगीच्या पावलाने, सरळ खाली आली.

"काय वाटलं?" मी विचारलं.

"इंजिन बंद पडल्यावर लई शांत वाटतंय, डॉक्टर," तो म्हणाला. "खाली कोण कोण हुभं हाय, त्ये पयल्यांदाच ऐकू आलं."

नानांनी फेटा बांधला. रणजितने सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं.

*

त्याच दुपारची गोष्ट. आमची गाडी पुढे, मी रणजितच्या शेजारी, त्याच्या डोक्यावर फेटा तसाच. बाकीचे अजून मागे डांबरी रस्त्यावर होते. पाणंदीत बरंच आत गेलो आणि समोरून अभिजितची गाडी आली. थांबली. आमचीही थांबली. मी एकही प्रश्न विचारला नाही.

रणजितने रिव्हर्स टाकला. मान वळवली, मागे बघत, स्टेअरिंग सरळ धरून, थेट डांबरी रस्त्यापर्यंत गाडी मागे घेतली.

अभिजित पुढे आला. आमच्या बरोबरीला येऊन त्याने काच खाली केली. फेट्याकडे बोट केलं.

"कशाचा फेटा, दादा?"

"चढ चढाय जमला न्हाय, त्येचा."

अभिजितने इंजिन बंद केलं.

"मग मलाबी बांध की."