पावसाळ्यातली झापं

देवबागला खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीवर आमचं घर. पावसाळा तोंडावर आला की सगळी माणसं माडाच्या चुडतांची विणलेली झापं पडवीला बांधायची, म्हणजे वाऱ्यापावसाची झड आत येत नसे. दसऱ्यापर्यंत मग घरात अंधार. चूल, ओली लाकडं, वाळत टाकलेले कपडे आणि आम्ही, सगळं त्याच अंधारात.

बाबा मुंबईच्या गिरणीतून छातीचा क्षय घेऊन घरी आले, त्या वर्षी आईने झापांचा दुहेरी थर बांधला. फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्याही कोंबल्या. गार वाऱ्यानेच हा रोग होतो, असं आमच्याकडे सगळेच धरून चालत. मालवणचे डॉक्टर सुई देताना म्हणाले होते, "घर उघडं ठेवा, बाई. वारा खेळू द्या. आणि मुलीला त्यांच्याजवळ झोपवू नका." आई मान हलवून आली. पण चार महिने धो धो पाऊस, दोन खोल्यांचं घर. मला वेगळं झोपवणार कुठे? बाबांच्या खोकल्याला वास असतो, हे मला त्याच पावसात कळलं.

एके सकाळी मी खोकले. साधी सर्दी असेल. बाबा उठून बसले.

"ह्या पोराक हयसून धाड," ते आईला म्हणाले.

"शाळा आसा तिची."

"शाळा खंय पळान जाता? आणि ती झापां सोड गो. गिरणीत कापूस गिळलंय, हय धूर गिळतंय. माका वायच वारो होयो."

"वारो होयो म्हणे. वारोच न्हेतलो तुमका."

बाबा हसले, आणि हसता हसता खोकत राहिले.

त्याच आठवड्यात मामाने मला कुडाळहून एस.टी.ने सांगलीला मावशीकडे पोचवलं. शाळा सुटली ती सुटलीच. मावशीला सगळं ठाऊक होतं, घरात तिची तीन पोरं होती, तरी तिने मला खिडकीखाली अंथरूण दिलं आणि ताट कधी वेगळं केलं नाही. तिचे हे उपकार मी कशाने फेडू?

मी निघाल्यावर आईने समुद्राकडचं एक झाप सोडलं. बाबा त्या उजेडात पडून पाऊस बघायचे. गणपतीआधी ते गेले.

मला रोग लागला नाही. आई मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "त्या एका झापान घात केलो." रोग बंद घरातल्या हवेत पसरतो, हे मला सांगलीच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. आईला मी ते सांगितलं नाही. सांगून तिला काय मिळालं असतं? वाऱ्यावर राग धरून तरी ती जगत होती.

पुढे माझं लग्न झाल्यावर पावसाळ्यात ती माझ्याकडे यायची, तेव्हा घरभर फिरून खिडक्या लावायची. मी लावू द्यायचे. ती अंघोळीला गेली की माझ्या लेकराच्या उशाकडची तेवढी मी हळूच उघडायचे, आणि त्याचा श्वास ऐकत बसायचे.