दादरच्या पाण्यापाशी आई

मित्रांनो, आज सकाळी आईला मुंबईत दादर चौपाटीला नेलं. चैत्यभूमीला वंदन करून आम्ही वाळूत उतरलो. निमोण्यात, आमच्या गावी, जन्म काढलेल्या आईनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला.

बाहत्तरच्या दुष्काळात तिचा धाकटा भाऊ, आमचा बाळूमामा, कामासाठी मुंबईला आला आणि इथंच आजारानं गेला. सोबत्यांनी त्याची राख याच पाण्यात सोडली. आईला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

ओहोटी होती. माझा हात धरून ती काळ्या खडकांपर्यंत गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "बाळू, मी आले रं. लई उशीर झाला."

मग खूप रडली. मी म्हटलं, "आई, चल आता."

"थांब जरा. इतकी वर्सं रडाया जागाच नव्हती," ती म्हणाली.

तुमच्या घरातलं कुणी असं परगावी राहून गेलंय का? तुम्ही तिथं जाऊन आलात?