कोपरा कापलेलं कार्ड

घरी आलेलं पत्र तुम्ही कधी न वाचता दडवून ठेवलं आहे का, आणि वर स्वतःला तत्त्वाचं माणूस म्हणवून घेतलं आहे का?

मी घेतलं आहे. बारा दिवस.

अंबरनाथला कारखान्यामागच्या चाळीत आमची खोली होती. बाबा कारखान्यात फिटर. युनियनची उरलेली पत्रकं ते घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या पाठींवर मी अक्षरं गिरवली, पुढे गणितं सोडवली. पाठ कोरी असली तरी पोटातला मजकूर वाचला जायचाच. अठराव्या वर्षी मी घरात बोलायचे तेही पत्रकासारखं. खोटं बोलायचं नाही, कुणापुढे वाकायचं नाही आणि जुन्या समजुतींना थारा द्यायचा नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. आई म्हणायची, "आधी भांडी घास, मग क्रांती कर."

त्या वर्षी दिवाळीनंतर आईच्या डाव्या स्तनातली गाठ निघाली. गाठ निघाली म्हणजे स्तनच काढला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. टाके सुकल्यावर डॉक्टर म्हणाले, आत काही उरलं असेल तर ते मरावं म्हणून आता मशीनचा शेक द्यायचा. पण मशीन एकच आणि माणसं कुठून कुठून आलेली. "नंबर लागला की कार्ड टाकू. तारीख चुकवू नका. उशीर करून चालणार नाही," एवढं सांगून त्यांनी पुढच्या बाईला आत बोलावलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. इस्पितळातल्या नर्सनं आईला एक व्यायाम शिकवला होता: भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची. जिथे हात थांबेल तिथे आई कोळशानं रेघ मारायची. पहिली रेघ तिच्या कमरेच्या जरा वर होती. माघात रेघा खांद्यापर्यंत आल्या. दुपारी टपाल येऊन गेलं की ती रेघ मारता मारता विचारायची, "कार्ड?" मी म्हणायचे, "नाही." ती "बरं" म्हणायची आणि तांदूळ निवडायला बसायची. नळावरच्या दोन बायका आमच्या हंड्याला हंडा लागू देत नसत. आई त्यांना म्हणाली, "घाबरू नका गं, मी हंड्यात नाही ठेवलेली गाठ." त्यानंतर त्यांनी रांगेत पुढची जागा दिली, मायेनं की लवकर टळावी म्हणून, ते मला कळलं नाही.

शेजारच्या खोलीत एक सिंधी काकू राहायच्या. फाळणीनंतर जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत काही वर्षं काढून, त्यांच्या यजमानांना कारखान्यात काम मिळाल्यावर त्या इकडे आल्या होत्या. नळावरून आईचा भरलेला हंडा त्याच उचलून आणायच्या. आई दुपारी निजलेली असली तर आमचं टपालही त्याच घ्यायच्या.

एका दुपारी मी शिकवणीहून परतले तर त्या जिन्यातच थांबलेल्या.

"बेटी, कार्ड आला. पण अंदर नको नेऊ."

"का?"

"कोना नाही त्याला. मी बाहर खोचून ठेवला."

कोपरा नसलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं. सिंधमध्ये तसं, आमच्याकडेही तसंच. असलं कार्ड उंबऱ्याच्या आत येत नाही. बाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं. काकूंना त्यांची लिपी यायची, आपली नाही, म्हणून त्यांनी मजकूर वाचला नव्हता. कार्ड आमच्या दारावरच्या पत्र्याखाली खोचलेलं होतं. खालून फक्त त्याची कापलेली कड दिसत होती.

माझ्या मनात एकच नाव आलं. बदलापूरच्या पलीकडे एका पाड्यावर आईचा थोरला भाऊ राहायचा, माझा मामा. तो दोन महिने तापानं अंथरुणाला खिळला होता. आईचा सगळा जीव त्याच्यात. आता हे तिला कळलं तर ती शेक घ्यायला उठेल का? मी ठरवलं, शेक होईपर्यंत सांगायचं नाही.

आणि मी ते वाचलंही नाही, पत्र्याखाली आणखी आत सरकवलं. वाचलं असतं तर आईच्या तोंडावर खोटं बोलावं लागलं असतं, आणि खोटं बोलायचं नाही हे माझं तत्त्व. न वाचलेल्या गोष्टीबद्दल माणूस खोटं कसं बोलणार? बाबांनाही सांगितलं नाही, कारण त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. काकूंकडून मात्र गप्प राहायचं वचन घेतलं.

त्या बारा दिवसांत आईनं बारा वेळा "कार्ड?" विचारलं. बाराही वेळा मी "इस्पितळाचं नाही" म्हणाले आणि ते मला खरं वाटत होतं. इस्पितळावरचा राग मात्र वाढत होता. मी एक पत्रक लिहिलं: 'गरिबांनी रांगेतच मरायचे काय?' कॅम्पातल्या एका छापखान्यात ते छापून घेतलं. शनिवारी कारखान्याच्या दारात वाटायचं ठरलं.

शुक्रवारी सकाळी मामा आला. वाळलेला, हातात काठी, खांद्यावर वालाचं गाठोडं.

"काय गो, भूत बघितल्यावानी काय बघतेस?"

मी त्याचं गाठोडं उतरवून घेतलं. मग सगळं सांगितलं, तिथेच दारात. आई आतून ऐकत होती. मामा खाली बसला आणि हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला.

"येवढी शिकली पोर. अगो, मी मेलो तर पाड्यावरना माणूस येल सांगाया. बदलापुरावरना अंबरनाथला कार्ड कोण टाकतो?"

काकूंनी स्टूल आणलं. मी कार्ड काढलं. आईच्या नावानं होतं, इस्पितळाचं. शेक सुरू करण्यासाठी अमुक तारखेला सकाळी हजर राहावे. ती तारीख उलटून नऊ दिवस झाले होते.

काकू डोक्यावरची ओढणी तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. "माझी चूक," त्या म्हणाल्या.

"तुमची नाही," आई म्हणाली. "तुम्हाला वाचता येत नव्हतं." माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "लुगडं बदलते. पुढची गाडी किती वाजता आहे?"

इस्पितळात खिडकीतल्या कारकुनापुढे कार्डांची चवड होती. शेकाची कार्डं वेगळी ओळखू यावीत म्हणून तो कात्रीनं त्यांचा एकेक कोपरा उडवत होता. आईनं त्याला आमचं सगळं सांगितलं.

"अहो, दुःखाच्या पत्राचा कोपरा फाडतात," तो म्हणाला. "मी तर कापतो."

"दादा, दारात उभ्या माणसाला फाडलेलं आणि कापलेलं सारखंच दिसतं."

त्यानं कात्री बाजूला ठेवली. म्हणाला, "पुष्कळ बायका तारखेला येतच नाहीत. आम्हाला वाटायचं, घाबरल्या." मग नवी तारीख दिली. आणखी तीन आठवडे. कार्ड टपालानं नको, हातातच द्या, असं आईनं सांगितलं आणि ते पोलक्यात ठेवलं, उजव्या बाजूला.

परतताना मी पत्रकांचं विचारलं. जाळून टाकू का?

"का? मशीन एकच आहे, ते खोटं का आहे?" आई म्हणाली. "वाट. पण खाली तुझ्या बारा दिवसांचंही लिही."

मी प्रत्येक प्रतीखाली हातानं चार ओळी लिहिल्या. त्या लिहायला पत्रकापेक्षा जास्त वेळ लागला.

तीन आठवड्यांनी शेक सुरू झाला. कातडी काळवंडली, गिळताना दुखायचं, आई ताकभातावर राहिली. भिंतीवरच्या रेघा पुढे तिच्या डोक्याच्या वर गेल्या. आज ती आहे. वाया गेलेल्या त्या दिवसांनी तिच्या आत काय केलं, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. मीही विचारायचं सोडलेलं नाही.

म्हणून हे वाचून झाल्यावर एक करा. तुमच्या चाळीत किंवा आळीत उपचाराची वाट पाहणारी बाई असेलच. आज उजेड आहे तोवर तिच्याकडे जा. कार्ड आलं का, विचारा. दारावर, पत्र्याखाली, खिडकीच्या गजात काही खोचलेलं असेल तर काढा आणि तिच्यासमोर मोठ्यानं वाचा. कोपरा नसला तरीही.